पहिल्या टाकीत कोणते मासे? आधी पाणी, मग यादी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी काचेची टाकी नुकतीच घरी आली आहे, सोबत फिल्टर, हीटर आणि दिवा आहे, मासे पाळण्याचा पूर्वानुभव नाही, आणि गोल्डफिशची एक जोडी, दहा निऑन टेट्रा, दोन एंजल, एक फायटर व काच स्वच्छ ठेवण्यासाठी एक सकर असा बेत मनात आहे. यांपैकी कोणते मासे ठेवावेत, किती ठेवावेत आणि कोणत्या क्रमाने आणावेत?

स्पष्टच सांगायचे तर या यादीतला एकही मासा वाईट नाही, पण ही यादी एका टाकीची नाही. ती निदान चार वेगवेगळ्या टाक्यांची आहे. दुकानात हे सगळे मासे पिल्लांच्या वयात, जवळपास एकाच आकाराचे आणि शेजारशेजारच्या टाक्यांत दिसतात, त्यामुळे ते एकत्रही नांदतील असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु निवड करताना पहिला विचार घरच्या पाण्याचा, दुसरा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होणार याचा आणि तिसरा त्याला कोणाची सोबत मानवते याचा करावा लागतो. रंग आणि आवड यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. एवढे पाळले तरी आवडीला पुष्कळ वाव उरतो.

गोल्डफिशपासून सुरुवात करतो, कारण नवशिक्यांचे सर्वाधिक गैरसमज त्याच्याभोवतीच आहेत. हा कार्पच्या कुळातला मासा. विकत घेताना तो चार-पाच सेंटिमीटरचा असतो, पण सडपातळ अंगाचे कॉमन आणि कॉमेट हे प्रकार २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत आणि ओरँडा, रँचू यांसारखे गोलमटोल प्रकार १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतात, आणि नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगतात. तो सतत काही ना काही चरत राहतो, त्यामुळे त्याच्या अंगाच्या मानाने टाकीत घाणही पुष्कळ होते. त्याला १८ ते २२ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर यादीतल्या इतर माशांना २४ ते २७ अंशांचे उबदार पाणी हवे असते. म्हणजे हीटर लावला तर गोल्डफिशची आबाळ आणि न लावला तर इतरांची. ‘मासा टाकीच्या आकाराएवढाच वाढतो’ असे अनेकदा ऐकवले जाते. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते हे खरे, पण ती खुंटण्याचे कारण कोंडमारा आणि साचत जाणारी घाण हे असते, आणि असा मासा सहसा फार काळ टिकत नाही. गोल्डफिशच हवा असेल तर दोन गोलमटोल माशांसाठी निदान १०० लिटरची, दणकट फिल्टर असलेली आणि फक्त त्यांचीच टाकी करावी. गोल बरणीचा विचार मनात आणू नये.

एंजल मासा लांबीपेक्षा उंचीने वाढतो. पूर्ण वाढलेल्या एंजलची उंची परांसह २० सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि आपल्या टाकीची उंची वाळूचा थर व वर सोडलेली जागा वजा जाता २५ सेंटिमीटरसुद्धा उरत नाही. शिवाय तो सिक्लिड कुळातला, म्हणजे हद्द राखणारा आणि तोंडात मावेल ते खाणारा मासा आहे. निऑन टेट्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. एंजल लहान असेपर्यंत दोघे गुण्यागोविंदाने राहतात आणि काही महिन्यांनी निऑन रोज एकेक करून कमी होऊ लागतात. मालक मृत मासे शोधत राहतो, ते सापडत नाहीत.

निऑनबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तो शांत आहे, आकाराने योग्य आहे, पण तो मूळचा अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ (म्हणजे कमी क्षारांच्या), किंचित आम्लधर्मी पाण्यातला, आणि नव्या टाकीतले चढउतार त्याला झेपत नाहीत. टाकी तीन-चार महिने स्थिरपणे चालल्यावर तो आणावा. पहिला मासा म्हणून आणू नये.

फायटर, म्हणजे बेट्टा, हा नवशिक्यासाठी उत्तम मासा आहे, पण एकटा. वीसेक लिटरची झाकण असलेली टाकी, हीटर आणि संथ फिल्टर एवढ्यावर तो मजेत राहतो. त्याला कल्ल्यांशिवाय लॅबिरिंथ नावाचा श्वसनाचा जादा अवयव असतो आणि तो थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. याच क्षमतेमुळे तो पेल्याएवढ्या भांड्यात विकला जातो आणि तेवढे पाणी त्याला पुरते असा समज पसरतो. त्या भांड्यात तो लगेच मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन नर एकत्र ठेवता येत नाहीत हे बहुतेकांना ठाऊक असते. लांब, रंगीत शेपटीचा गप्पी नर त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो, आणि टायगर बार्बसारखे चावरे मासे उलट त्याचेच झुपकेदार पर कुरतडतात, हे मात्र टाकी भरल्यानंतर लक्षात येते.

आता सकर. साफसफाई करणारा मासा ही कल्पना इतकी सोयीची आहे की ती मोडून काढणे कठीण जाते. दुकानात बोटाएवढा मिळणारा हा प्लेको ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, लाकूड, शेवाळ, उरलेले खाणे असे सगळे खातो आणि त्या प्रमाणात विष्ठा टाकतो. माशांची विष्ठा खाऊन टाकी स्वच्छ ठेवणारा मासा अस्तित्वात नाही. टाकीत घातलेला प्रत्येक मासा घाणीत भरच घालतो. काचेवरचे शेवाळ हे जास्त प्रकाशाचे आणि पाण्यात साचलेल्या पोषकद्रव्यांचे लक्षण असते, म्हणून दिवा सहा ते आठ तासांवर आणावा, खाणे कमी करावे आणि काच स्पंजाने पुसावी. एखादा जीव हवाच असेल तर नेराइट गोगलगायी आणाव्यात. त्या शेवाळ नेटाने खातात आणि त्यांची अंडी गोड्या पाण्यात उबत नसल्यामुळे त्यांची संख्या हाताबाहेर जात नाही. याच ओघात सांगतो की ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी पंगासियस मीटरभर वाढू शकतो, आणि ऑस्कर ३० सेंटिमीटर. पिल्लू पाहून भुलू नये.

यादी अशी रिकामी झाल्यावर आता पाण्याकडे येऊ, कारण पहिल्या महिन्यात मासे दगावतात ते बहुतांशी निवडीपेक्षाही घाईमुळे. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया सोडतात. तो विषारी असतो. फिल्टरमधल्या स्पंजावर आणि खड्यांवर वाढणारे काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि तुलनेने सौम्य असलेले नायट्रेट आपण पाणी बदलून काढून टाकतो. नायट्राइटही घातकच असते. ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते, आणि पाण्यात भरपूर हवा सुटत असतानाही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि टाकीतले पाणी आरशासारखे नितळ दिसते म्हणजे ती तयार झाली, असे मुळीच नाही.

हा काळ मासे न घालता काढावा. रिकाम्या टाकीत फिल्टर आणि हीटर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहिल्यास ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळते. द्रव स्वरूपातला टेस्ट किट मात्र घ्यावाच. बहुतेक किटांमध्ये अमोनिया नसताना नळीतले पाणी पिवळे राहते आणि तो वाढत जाईल तसे हिरवे होत जाते. आधी हा हिरवा रंग चढतो, मग तो उतरू लागतो आणि नायट्राइटची चाचणी रंग दाखवू लागते, शेवटी तीही उतरते. खाद्य टाकणे चालू असूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग काही दिवस शून्य दाखवत असतील आणि नायट्रेट दिसत असेल, तर टाकी तयार झाली असे समजावे. मग निम्मे पाणी बदलून मासे आणावेत. ओळखीच्या कोणाकडे निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवला की हा काळ बराच कमी होतो. बाटलीबंद जिवाणूंवर विसंबून दुसऱ्याच दिवशी मासे सोडण्याचा सल्ला मी देणार नाही. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, तो माशांच्या कल्ल्यांना आणि या जिवाणूंना, दोघांनाही मारक असतो, म्हणून पाणी भरताना आणि पुढे दर वेळी बदलताना क्लोरिन काढणारे द्रावण घालावे. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

पाण्याचा दुसरा गुण म्हणजे सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचे माप) आणि जडपणा. बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांनी भरलेले असते. नळाचे पाणी उगमाप्रमाणे बदलते. आपले पाणी मोजून त्यात मुळातच सुखाने राहणारे मासे निवडणे हा सोपा मार्ग आहे, आणि माशासाठी पाण्याचे गुण बदलत बसणे हा अवघड. सामू वर-खाली करणारी रसायने नवशिक्याने हातात धरू नयेत. ठरावीक आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे असते आणि रोज हेलकावे खाणारा सामू माशाला थकवतो. अमोनियाच्या दृष्टीनेही सामूला महत्त्व आहे: पाणी २५ अंशांवर आणि सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो, पण सामू ८ झाला की हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे किटवर तोच आकडा दिसत असताना जड, अल्कधर्मी पाण्यातला मासा दहापट धोक्यात असतो. पिण्यासाठी शुद्ध केलेले आरओचे पाणी ‘स्वच्छ’ म्हणून थेट टाकीत भरण्याची चूक अनेक जण करतात. त्यात माशांना लागणारे क्षार जवळजवळ नसतात आणि सामू सावरून धरणारे कार्बोनेटही नसते, त्यामुळे काही आठवड्यांत सामू एकाएकी घसरू शकतो.

आपली टाकी ५४ लिटरची आहे, पण वाळू, दगड आणि वर सोडलेली जागा वजा करता पाणी ४५ लिटरच्या आसपास भरते. ‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा जुना नियम इथे फसवतो, कारण माशाचे वजन लांबीच्या पटीत वाढत नाही, जवळपास तिच्या घनाच्या पटीत वाढते. दहा इंची एक मासा आणि एक-एक इंचाचे दहा मासे यांची घाण सारखी नसते. तो नियम फार तर पाच सेंटिमीटरपर्यंतच्या सडपातळ माशांना अंदाजापुरता लावावा. या टाकीत पाच सेंटिमीटरच्या आतबाहेरचे बारा ते पंधरा मासे हा मी समाधानाचा आकडा मानतो, आणि ते पाच-सहा जातींचे एकेक-दोनदोन न घेता दोन किंवा तीन जातींचे घ्यावेत. प्रत्येक जातीचे दोन-दोन नमुने जमवण्याची हौस सुरुवातीला सगळ्यांनाच असते. पण घोळक्याने राहणारे मासे दोन-तीन ठेवले तर ते झाडामागे दडून राहतात किंवा आपसांतली भांडणे इतरांवर काढतात. आठ ठेवले तर तेच मासे उघड्यावर पोहतात आणि रंगही अधिक खुलतो.

पाणी जड आणि सामू साडेसातच्या वर असेल तर प्लॅटी आणि गप्पी यांच्याकडे वळावे. हे पिल्ले देणारे मासे आहेत. गप्पीची मादी एकदा नराचे शुक्राणू घेतल्यावर ते अनेक महिने साठवून ठेवते आणि नर नसतानाही दर महिन्याच्या आसपास पिल्ले देत राहते, त्यामुळे ‘फक्त माद्या आणल्या’ म्हणून प्रश्न सुटत नाही. ४५ लिटरमध्ये ही भर झेपणारी नसते. म्हणून फक्त नर घ्यावेत. नराच्या पोटाखालचा मागचा पर काडीसारखा निमुळता असतो, मादीचा पंख्यासारखा पसरट. दुकानदाराच्या जाळीत मासा असतानाच हे पाहून घ्यावे. पाच-सहा गप्पी नर आणि चार प्लॅटी नर एवढी वस्ती या टाकीला शोभते. मॉली याच कुळातली असली तरी ती दहा सेंटिमीटरपर्यंत जाते आणि सोर्डटेल त्याहूनही थोडा मोठा होऊन वर उड्याही मारतो, म्हणून हे दोन्ही मोठ्या टाकीसाठी ठेवावेत.

पाणी मध्यम किंवा मऊ असेल तर माझी पसंती हार्लेक्विन रासबोरा, कोरिडोरास आणि एक हनी गुरामी अशी आहे. रासबोरा चार-साडेचार सेंटिमीटरचा, तांबूस अंगावर काळा त्रिकोण असलेला, शांत आणि निऑनपेक्षा बराच काटक मासा आहे. तो टाकीच्या मधल्या पट्ट्यात घोळका करून राहतो. आठ घ्यावेत. झेब्रा डॅनियो त्याहूनही काटक, आणि १८ अंशांपासूनचे पाणी त्याला चालते, पण तो दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठशिवणी खेळत असतो. ६० सेंटिमीटरची लांबी त्याच्यासाठी अगदी किमान आहे आणि त्याच्या धावपळीने संथ मासे बावरतात. तो निवडला तर गुरामी वगळावा. हनी गुरामी हा फायटरसारखाच हवेचा घोट घेणारा, पाच सेंटिमीटरचा, मधाळ पिवळ्या रंगाचा आणि स्वभावाने मवाळ मासा. ड्वार्फ गुरामी दिसायला अधिक भडक असतो, पण बाजारातल्या त्याच्या पैदाशीत इरिडोव्हायरस या विषाणूचा प्रादुर्भाव वारंवार आढळतो आणि त्यावर औषध नाही, म्हणून मी तो नवशिक्याला सुचवत नाही.

तळासाठी कोरिडोरासच्या (थोडक्यात ‘कोरी’च्या) लहान जातीचे पाच किंवा सहा मासे घ्यावेत, आणि सगळे एकाच जातीचे. त्यांच्यासाठी तळाला टोकदार खडीऐवजी बारीक, गुळगुळीत वाळू लागते. जवळून पाहिले तर कोरी तोंड वाळूत खुपसतो, वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो आणि तेवढ्यात खाण्यासारखे जे असेल ते वेचतो. धारदार खडीवर हेच करताना त्याच्या मिशा झिजतात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. अधूनमधून तो बाणासारखा वर जाऊन हवेचा घोट घेऊन परततो. सगळ्यांनी सारखेच वर जायला सुरुवात केली नसेल तर त्यात काळजीचे काही नाही. आणखी एक, त्यालाही सफाई कामगार समजू नये: वरच्या माशांच्या तोंडून निसटलेल्या कणांवर त्याचे पोट भरत नाही, त्याला बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्याव्या लागतात.

दुकानात गेल्यावर माशाआधी टाकी पाहावी. एखादा मासा मेलेला दिसला, किंवा कोणाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर त्या टाकीतला निरोगी दिसणारा मासाही घेऊ नये, कारण ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी त्वचेखाली लपलेला असतो आणि काही दिवसांनी उमटतो. पर अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात थरथरणारा, पोट आत गेलेला, भरभर कल्ले हलवणारा मासा टाळावा. थोडे खाणे टाकून दाखवायला सांगावे. जो मासा पुढे येऊन खातो तोच घ्यावा. अंगात सुईने रंग भरलेले काचमासेही मिळतात, ते विकत घेऊन त्या प्रकाराला उत्तेजन देऊ नये.

घरी आणल्यावर दिवा बंद ठेवून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतले थोडे पाणी तिच्यात घालावे, आणि अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. त्या दिवशी खाणे घालू नये.

क्रमाबद्दल सांगायचे तर आधी रासबोरा, दोन आठवड्यांनी कोरी आणि आणखी दोन आठवड्यांनी गुरामी आणावा. फिल्टरमधले जिवाणू मिळणाऱ्या अमोनियाच्या प्रमाणात वाढतात, म्हणून प्रत्येक भर पडल्यावर त्यांना वेळ द्यावा लागतो; गुरामी शेवटी आणण्याचे कारण वेगळे आहे, तो आधी आला तर टाकीची एक बाजू आपली म्हणून धरून बसतो. जमल्यास दुसरी आणि तिसरी तुकडी आधी तीन-चार आठवडे वेगळ्या साध्या टबात, मुख्य टाकीत आधी चालवून जिवाणू वाढवलेला स्पंज फिल्टर लावून ठेवावी. मग दोन तुकड्यांमधले अंतर आपोआपच वाढेल. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे आणि आठवड्यातून एक दिवस घालूच नये. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली राहील असे पाहावे. पहिले दोन महिने मात्र दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट तपासावे. यांपैकी कोणताही आकडा लिटरला ०.२५ मिलिग्रॅमपर्यंत गेला तर त्याच दिवशी निम्मे पाणी बदलावे, दोन दिवस खाणे थांबवावे आणि दोन्ही आकडे पुन्हा आठवडाभर शून्यावर टिकेपर्यंत पुढची तुकडी आणू नये.